रेंज नसलेल्या वाडीतून मदतीचा निरोप कसा पोचवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे संपता संपता, धूळवाफेच्या पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत, आम्ही काही जण भोरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमध्ये एकेक संध्याकाळ बसतो. पावसाळ्यात अडचण आली तर बाहेर कळवायचं कसं, एवढाच विषय असतो. शाळेच्या ओट्यावर तेच तेच प्रश्न येतात. मुंबई-पुण्याहून येणारी ट्रेकची पोरंही तेच विचारतात. म्हणून एकदा लिहून काढले.

आधी काय घ्यावं? वॉकीटॉकी, सॅटेलाइट फोन की दुसऱ्या कंपनीचं सिम?

आधी काहीच घेऊ नका. आधी वेळ ठरवा.

माळीणचं आठवा. आंबेगाव तालुका, ३० जुलै २०१४ची सकाळ. डोंगर खाली आला आणि चाळीसहून जास्त घरं गाडली गेली. दीडशेच्या वर माणसं गेली. आतून कोणी फोन करण्याच्या अवस्थेतच नव्हतं. बाहेर बातमी गेली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीसारखी गाडी घेऊन आला आणि गाव असायचं तिथे त्याला चिखल दिसला. गाडी तशीच मागे फिरवून त्याने कळवलं. त्याच्याकडे कुठलं विशेष यंत्र नव्हतं. त्याची यायची वेळ ठरलेली होती आणि समोर काय दिसायला हवं हे त्याला माहीत होतं, म्हणून बातमी गेली.

यंत्र चालवायला शुद्धीवर असलेला, हात-पाय धड असलेला माणूस लागतो. ठरलेली वेळ चुकली की दुसऱ्या टोकाला आपोआप घंटा वाजते, तुम्ही बेशुद्ध असलात तरी. म्हणून मी हिला पहिला नंबर देतो, आणि दरवर्षी लोकांचे चेहरे जरा पडतात, कारण त्यांना काहीतरी बटणाचं बघायचं असतं.

मग ‘वेळ ठरवायची’ म्हणजे नेमकं काय करायचं?

खालच्या गावातला एक माणूस धरा. तो रोज घरी असणारा हवा. दुकानदार, पिठाची गिरणीवाला, पोलीस पाटील, आशाताई, कोणीही चालेल. त्याच्याशी ठरवा, की अतिवृष्टीच्या दिवसांत सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला वाडीतून एक मिस्ड कॉल किंवा मेसेज येणार. आला नाही तर त्याने काय करायचं तेही तेव्हाच ठरवा, कारण हाच भाग सगळे विसरतात. आमच्याकडचं ठरलेलं असं आहे: एक तास वाट बघायची, मग स्वतः फोन लावायचा, लागला नाही तर दोन माणसं दिसेल तिथपर्यंत जाऊन बघणार आणि त्याच वेळी तहसीलच्या नियंत्रण कक्षाला कळवणार.

ट्रेकवाल्यांनीही हेच करायचं. पायथ्याच्या गावात जिथे चहा घेता, तिथे सांगून जा: किती जण, कुठल्या वाटेने, किती वाजता खाली. आणि खाली आल्यावर त्या माणसाला तोंड दाखवून मगच गाडीत बसा. हे न करता परस्पर पुण्याला पोचलेल्या पोरांसाठी माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन डोंगर पालथा घालतात.

फोनवर ‘फक्त आणीबाणी कॉल’ असं दिसतं. त्याचा उपयोग होतो का?

होतो. तुमच्या कंपनीचा टॉवर मिळत नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी मिळतोय, असा त्याचा अर्थ. अशा वेळी ११२ लावा. ११२ हा क्रमांक मोबाईलच्या जागतिक मानकातच बसवलेला आहे. तो लावला की फोन स्वतःची कंपनी न बघता मिळेल तो टॉवर धरायला बघतो. १०८ किंवा सरपंचांचा नंबर अशा अवस्थेत जाईल याची खात्री नाही. रुग्णवाहिका हवी असली तरी आधी ११२ लावा आणि रुग्णवाहिका हवी म्हणून सांगा.

२०१७ नंतरच्या फोनमध्ये पॅनिक बटणही सक्तीचं केलेलं आहे. साध्या बटणाच्या फोनवर ५ किंवा ९चं बटण दाबून धरायचं, मोठ्या फोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा दाबायचं. काही मॉडेलमध्ये आधी सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं आणि कितीदा दाबायचं हेही बदलतं. आपल्या फोनचं काय आहे ते आजच बघून ठेवा.

११२, १०८, १०७७… एवढे नंबर. कुठला कशासाठी?

पोलीस, आग, कसलीही आणीबाणी: ११२. रुग्णवाहिका: १०८. बाळंतपण आणि तान्ह्या बाळासाठी १०२. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७०. समुद्रात असाल तर तटरक्षक दल १५५४.

दरड सरकायला लागली, ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा एकदम आटलं, घराच्या मागच्या उतारावर भेग पडली, अशा गोष्टींसाठी १०७७. ‘अजून काही झालं नाही, उगाच कशाला कळवायचं’ असं म्हणत बसू नका.

११२वाले पत्ता विचारत बसतात. वेळ जातो. काय सांगायचं?

त्यांची चूक नाही हो. राज्यातले ११२चे कॉल नवी मुंबईत नाहीतर नागपुरात उचलले जातात, १०८चे पुण्यात. ‘शिरगावातून बोलतोय, वरच्या आळीतून’ म्हणालात तर त्या मुलीने काय समजायचं? शिरगाव भोरला आहे, मावळात आहे, रत्नागिरीजवळ आहे, देवगडला आहे, पालघरच्या किनाऱ्यावर आहे. धनगरवाडे आणि गावठाणं तर मोजूच नका.

म्हणून उलटं सांगायचं. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी. त्यानंतर गाडी कुठपर्यंत येते ते सांगायचं, कारण रुग्णवाहिकेला वाडीचा पत्ता नको असतो, फाट्याचा हवा असतो. घाटात असाल तर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचा. मग काय झालंय आणि किती जणांना. शेवटी दुसऱ्या माणसाचा नंबर द्या, खालच्या गावातला, ज्याला रेंज असते. तुमचा फोन परत लागेल याचा भरवसा त्यांना नाही आणि तुम्हालाही नाही.

फोनमधलं जीपीएस रेंज नसतानाही चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. जीपीएस उपग्रहाकडून येतं, टॉवरचा त्याच्याशी संबंध नाही. रेंज नसेल तर पहिल्यांदा जागा पकडायला काही मिनिटं जास्त लागतात, एवढंच. उघड्यावर उभं राहायचं, होकायंत्राचं किंवा नकाशाचं ॲप उघडायचं आणि अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे कागदावर उतरवून घ्यायचे. मग तो कागद घेऊन रेंजच्या जागेवर जायचं. जखमी माणूस जिथे आहे तिथले आकडे हवेत, तुम्ही फोन करायला चढलात त्या टेकडीचे नकोत. ही चूक हमखास होते.

कॉल लागतच नाही. मेसेज जाईल का?

पुष्कळदा जातो. कॉलला सलग काही मिनिटं जोडणी टिकावी लागते. एसएमएसला क्षणभर दार उघडलं तरी पुरतं. गेला नाही तर पुन्हा पाठवा, आणि फोन उंच धरून थांबा. व्हॉट्सॲपवर अवलंबून राहू नका. त्याला इंटरनेट लागतं आणि एक खूण येऊन अडकलेला मेसेज गेला की नाही हे कळत नाही.

एक बारीक गोष्ट. मराठीत लिहिलेल्या एका एसएमएसमध्ये ७० खुणा मावतात, रोमन लिपीत १६०. काना, मात्रा, वेलांटी, मधली मोकळी जागा, सगळं त्या ७०मध्ये मोजलं जातं. त्याहून लांबला की मेसेजचे तुकडे होतात आणि कमी रेंजमध्ये एखादा तुकडा मागे राहतो. म्हणून पत्र लिहू नका, तार लिहा. आम्ही शाळेच्या फळ्यावर नमुना लिहून देतो:

‘साप चावला, पाय. बाई ३५. शिरगाव ता. भोर. डोली फाट्याकडे निघाली ७.४०’

मोजून बघा, ६६ भरतात. काय झालं, कुणाला, कुठून, मदत कुठे भेटायची आणि किती वाजता, सगळं त्यात आलं. ‘लवकर या हो, फार गंभीर आहे’ एवढ्या शब्दांत यातलं काहीच कळत नाही.

एका ठरावीक जागीच रेंज येते. असं का? आणि ती जागा कशी ओळखायची?

प्रत्येक वाडीला असा एक दगड असतो. आमच्या इथे तो देवराईच्या वरच्या अंगाला, बांधाच्या टोकाला आहे. बसून बसून गुळगुळीत झालेला. शेजारच्या जांभळीला एक खिळा ठोकलाय आणि त्याला दुधाची रिकामी पिशवी. फोन पिशवीत ठेवून खिळ्याला टांगायचा आणि खाली बसून विडी ओढत मेसेजच्या टुणकन आवाजाची वाट बघायची. फोन हातात घेतला की रेंज जाते, टांगला की येते. हसू येतं, पण त्यात तथ्य आहे. मोबाईलच्या लहरी डोंगराला वळसा घालून फारशा येत नाहीत. टॉवर आणि फोन यांच्यामध्ये कडा आला की खेळ संपला. त्या दगडावरून दोन सोंडांच्या मधल्या खिंडीतून लांबचा टॉवर सरळ दिसत असतो. हाताचा पंजा आणि अंगही लहरी अडवतं, ते खिळ्यामुळे बाजूला होतं.

घाटमाथ्यावर एक फसवणूकही होते. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकणातले टॉवर उघडे दिसतात आणि फोनवर दांड्या भरतात. पण कॉल लागत नाही. जुन्या टू-जी यंत्रणेत टॉवरपासून साधारण ३५ किलोमीटरच्या पलीकडचा फोन धरलाच जात नाही. सिग्नल कितीही चांगला असो, उत्तर परत पोचायला लागणारा वेळ हिशेबात बसत नाही. शिवाय टॉवरचा आवाज दणकट असतो आणि आपल्या फोनचा बारीक. त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला जात नाही. अशा वेळी चार पावलं मागे येऊन, घाटावरच्या टॉवरच्या बाजूला तोंड करून बघा.

पावसाळ्याआधी, उजेडात, वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन दोघांनी गावाभोवती फिरावं आणि कुठे काय मिळतं ते वहीत लिहावं. मग त्या जागेपर्यंतची वाट साफ करावी. रात्री पावसात, हातात बॅटरी घेऊन, घाबरलेल्या पोराला ती वाट सापडली पाहिजे. दगडावर ऑइलपेंटने पांढरा ठिपका मारून ठेवा.

वीज गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते. उपाय?

टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, मग डिझेल असेल तर जनरेटरवर. पावसात रस्ता बंद झाला की डिझेल पोचत नाही. म्हणजे मोठ्या वादळात वीज गेल्यानंतरचे पहिले काही तास हीच तुमची मुदत. घरात गरोदर बाई असेल, कोणी तापाने फणफणलं असेल, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. वीज गेली त्याच संध्याकाळी खाली कळवून ठेवा.

जुन्या तांब्याच्या तारेच्या टेलिफोनला घरात वीज लागत नसे. एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट तारेतूनच येत. तुमच्या ग्रामपंचायतीत असा फोन अजून जिवंत असेल तर त्याला जपा. नव्या फायबरवरच्या फोनला मात्र घरातल्या डबीला वीज लागते, तेव्हा तो दिवा गेला की फोनही गेला.

फोनची बॅटरी वाचवायची तर रेंज नसलेल्या जागी विमान मोडवर टाका. टॉवर शोधत बसण्यात फोन सगळ्यात जास्त चार्ज खातो. आणि वाडीत एक तरी साधा बटणाचा फोन, बंद करून, चार्ज भरून, चालू रिचार्जच्या सिमसह कुणाच्या तरी फडताळात ठेवा.

दुसरं सिम कुठलं घ्यावं?

तुमच्या दगडावर जे चालतं ते. जाहिरातीवर जाऊ नका, वर सांगितलेली वहीच बघा. एवढं लक्षात ठेवा, की जिओला टू-जी नाही. बाकीच्यांचं जिथे टू-जी शिल्लक आहे तिथे फोन हाताने टू-जीवर टाकला तर हलक्या रेंजमध्ये कॉल जरा जास्त तगतो. टॉवर नसलेल्या गावांसाठी सरकारने २०२२ मध्ये फोर-जी पोचवण्याची मोठी योजना मंजूर केली, २६,३१६ कोटींची. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या काही टॉवरवर २०२५ पासून बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिघांची सिमं एकमेकांचा टॉवर वापरू शकतात. तुमच्या भागातला टॉवर त्यातला आहे का, ते दुसऱ्याचं सिम घालून पाहिलं की पाच मिनिटांत कळतं.

सगळ्या गावाला एकदम कळवायचं तर?

पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सातारा या भागात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे: १८०० २७० ३६००. तुमचा नंबर गावाच्या यादीत नोंदलेला असला की या टोल फ्री क्रमांकावर बोललेला निरोप गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर तुमच्याच आवाजात कॉल म्हणून वाजतो. बिबट्या आला, आग लागली, पोर हरवलं, पाणी चढतंय, यासाठी याच्याइतकं सोपं काही नाही. नोंदणी मात्र आधी झालेली हवी. नोंदणी आहे का, हे पोलीस पाटलांना विचारा.

रेंजच नसेल तर देवळाचा भोंगा, तोही नसेल तर हलगी. यात कमीपणा वाटून घेऊ नका. फक्त खुणा ठरवून ठेवा. लग्नाच्या ताशासारखी हलगी वाजली तर कोण घरातून बाहेर येणार? आमच्याकडे देवळाची घंटा थांबून थांबून तीन-तीन ठोके म्हणजे ‘घर सोडा, शाळेकडे या’. शाळा का, तर ती सोंडेच्या बाजूला आहे, ओढ्याच्या नाही. तुमच्याकडची सुरक्षित जागा वेगळी असेल.

ऑनलाइन हजार-दोन हजारांत वॉकीटॉकी मिळतात. घेऊ का?

थांबा. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे हातातले सेट परवान्याशिवाय वापरता येतात, आणि तोही मंजुरी असलेला सेट हवा. २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा सिटिझन बँडही असाच मोकळा आहे. पण स्वस्तात विकले जाणारे बरेच चिनी सेट यापलीकडच्या, पोलीस आणि इतर खात्यांच्या पट्ट्यातही बोलतात. ते परवान्याशिवाय जवळ ठेवणंही गुन्हा आहे. मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर नियम केले ते याचमुळे.

परवान्याशिवायच्या सेटकडून अपेक्षाही बेताची ठेवा. डब्यावर ‘१० किलोमीटर’ छापलेलं असतं ते सपाट मोकळ्या मैदानावरचं. सोंडेआड गेलात की एक किलोमीटरही जड. वाडीतून रेंजच्या दगडापर्यंत, किंवा डोलीबरोबर चालणाऱ्या पुढच्या आणि मागच्या माणसात बोलायला ते छान आहेत. तालुक्याला बोलायला नाहीत.

हॅम रेडिओबद्दल ऐकलंय. खेड्यातल्या माणसाला जमेल?

हॅम म्हणजे परवाना काढून स्वतःच्या सेटवरून लांब बोलणारे हौशी रेडिओवाले. जमेल, आणि मला मनापासून वाटतं की तालुक्याला असे दोन-चार तरी असावेत. दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत. परवाना मिळाला की हवेवर ओळख सांगायचं स्वतःचं नाव (कॉल साइन) मिळतं, प्राथमिक वर्गाला व्हीयू-३ने सुरू होणारं, वरच्या वर्गाला व्हीयू-२ने. प्राथमिक वर्गाला मोर्स शिकावं लागत नाही.

हातातला व्हीएचएफ सेट १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झवर बोलतो आणि त्यालाही डोंगर आडवा येतो. डोंगराळ मुलखाची खरी मजा सात मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आहे. लांब तार जमिनीपासून फार उंच न नेता आडवी बांधली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आकाशातल्या थरावरून परतून छत्रीसारख्या दोन-तीनशे किलोमीटरवर खाली येतात. मधले कडे आडवे येतच नाहीत, कारण निरोप डोंगरावरून उडी मारून जातो. कारच्या बॅटरीवर हे चालतं.

२६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम प्रक्षेपणासाठीच पोर्ट ब्लेअरमध्ये होते. बाकीचे मार्ग तुटलेले असताना त्यांनी अंदमानातून निरोपांची ने-आण केली. भूजच्या २००१च्या भूकंपातही हॅम धावले. अडचण एकच: परवाना काढून सेट कपाटात ठेवणारे पुष्कळ. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी हवेवर येत नसाल तर गरजेच्या दिवशी तुमचा आवाज ऐकायला पलीकडे कोणी नसेल.

सॅटेलाइट फोन? भाऊ अमेरिकेतून येतोय, त्याला गार्मिनचं इनरीच आणायला सांगू का?

नका सांगू. उपग्रहावर बोलणारं कुठलंही यंत्र भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. थुराया आणि इरिडियम या उपग्रह कंपन्यांच्या यंत्रांना तर बंदीच आहे, आणि इनरीच इरिडियमवर चालतं. गोवा आणि दिल्लीच्या विमानतळांवर असं यंत्र सामानात सापडल्याने परदेशी पाहुण्यांना पोलीस ठाण्यात बसावं लागलेलं आहे. बिचारे डोंगरात सुरक्षित राहावं म्हणूनच ते घेऊन आले होते.

कायदेशीर वाट म्हणजे बीएसएनएलमार्फत मिळणारा इनमारसॅटचा फोन. कागदपत्रं, पडताळणी आणि खर्च बघता तो एका घराचा विषय नाही. जिल्हा प्रशासन, पोलीस, वनखातं यांच्याकडे असे मार्ग असतात. मेळघाटसारख्या ठिकाणी वनखात्याच्या चौकीतला वायरलेस हाच तुमचा सगळ्यात जवळचा खात्रीचा फोन. चौकीतल्या वनरक्षकाची ओळख पावसाळ्याआधी करून ठेवा.

आयफोन १४पासून पुढच्या फोनमधली उपग्रहावरून मदत मागायची सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका-कॅनडात सुरू झाली. भारतात ती सुरू झालेली नाही, त्यामुळे फोन तिकडून आणला तरी इथे ती चालत नाही. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला आहे, पण ती थाळी आहे. तिला वीज लागते आणि उघडं आकाश लागतं. शाळेत किंवा उपकेंद्रात बसवायला उत्तम, खांद्यावर टाकून डोंगरात न्यायला नाही.

लोराचे छोटे सेट, मेश वगैरे?

तरुण पोरं विचारतात म्हणून लिहितो. लोरा म्हणजे कमी ताकदीत लांब जाणारा रेडिओ, मेश म्हणजे अशा सेटचं जाळं. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय आहे. त्यावर हे छोटे सेट एकमेकांकडून पुढे पुढे लेखी निरोप ढकलतात. सोंडेवर सौरपट्टीसह एक ठेवला तर दोन खोरी जोडता येतात. छंद म्हणून जरूर करा. पण तो वरचा सेट माकडांनी पाडला की परत कोण बसवणार, हे आधी ठरवा.

आम्ही मच्छीमार. आमच्यासाठी काय?

तुमची सोय खरं तर आमच्यापेक्षा बरी आहे. इस्रोचं डॅट नावाचं संकट कळवणारं यंत्र २०१०पासून वापरात आहे. बटण दाबलं की बोटीची ओळख आणि जागा उपग्रहामार्फत तटरक्षक दलाकडे जाते. पूर्वी निरोप पोचला की नाही हे कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोच परत येते. रात्री लाटांत असताना ‘मिळाला’ एवढं कळणं काय असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याशिवाय व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनेल कायम उघडं ठेवा.

इशारा आधी मिळावा म्हणून काय ठेवावं?

विजांसाठी दामिनी हे ॲप, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं. बाकी आपत्तींसाठी सचेत हे सरकारी ॲप. फोनवर अचानक मोठ्याने किंचाळणारा सरकारी इशाराही येतो. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रात त्याची चाचणी झाली तेव्हा अर्धं गाव घाबरून फोन टाकून पळालं होतं. हे सगळं रेंज असेल तरच. रेंज नसलेल्या घरात सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर अजून शाबूत आहे.

आणि यंत्रांवर सोडून देऊ नका. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड आली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीची माणसं अंधारात, पावसात, पायी चढून गेली आणि यंत्रं वर नेता येईनात. तळियेला २२ जुलै २०२१ला दरड आली तेव्हा खाली महाडच पाण्यात होतं. निरोप पोचला तरी मदत पोचायला किती तास लागतील, हे तुमच्या वाटेवर ठरतं. तेवढे तास आपापल्या हिमतीवर काढायची तयारी ठेवून मगच पुढचं बोलू.

फोन, रेडिओ काहीच नाही. डोंगरात अडकलो तर?

शिट्टी. दहा रुपयांची. मिनिटात सहा वेळा फुंकायची, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. बॅटरीच्या उजेडानेही हेच. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन असं उत्तर द्यायचं. ही डोंगरात जगभर चालणारी खूण आहे. घसा फोडून ओरडू नका, तासाभरात आवाज बसतो आणि दरीत शब्द कळतही नाहीत. आपल्याकडच्या गुराख्यांचा लांब सुरातला कुकारा मात्र पलीकडच्या सोंडेवर जातो. तो त्यांच्याकडूनच शिका.

हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर करून इंग्रजी वाय अक्षरासारखे ताणा, म्हणजे ‘हो, मदत हवी’. एकच हात हलवलात तर वरचा माणूस समजेल की पोरं मजेत टाटा करताहेत.

आम्ही राज्याच्या सीमेवर आहोत. फोन भलतीकडेच लागतो.

अक्कलकुवा-धडगावकडे गुजरात, मध्य प्रदेशचे टॉवर मिळतात, दोडामार्गकडे गोव्याचे. कॉल टॉवरच्या राज्यात जाऊ शकतो. घाबरू नका, फोन ठेवू नका. पहिलंच वाक्य ‘मी महाराष्ट्रातून बोलतोय, जिल्हा अमुक’ असं बोला आणि तिकडे जोडून द्यायला सांगा. आपल्या तालुक्याच्या ठाण्याचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा दहा आकडी नंबर कागदावर असू द्या. नर्मदाकाठच्या पाड्यांनी बोट रुग्णवाहिकेच्या माणसाचाही.

आणि ठरलेल्या वेळी फोन करायलाच विसरलो तर? उगाच सगळा गाव धावेल.

धावेल. माझ्याच बाबतीत झालंय. दोन वर्षांपूर्वी आषाढात वर एका घरी बसलो, नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी समोर आली, आणि सहाचा मिस्ड कॉल डोक्यातून गेला. पावणेनऊला दारात चार जण उभे. इरली चिंब, एकाच्या पायाला जळवा लागलेल्या. खालच्या गिरणीवाल्याने त्यांना पाठवलेलं आणि तो स्वतः तहसीलला फोन लावून बसलेला. आधी त्याला निरोप दिला, मग जळवांवर मीठ लावलं, मग चुलीवर पुन्हा चहा चढवला. चौघांनी आळीपाळीने मला शिव्या घातल्या, सगळ्यात थोरल्याने दोनदा. मी खाली मान घालून ऐकल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनीच मी त्या दगडावर जाऊन बसलो होतो.